फाईलमध्ये न दिसणारं पटल : विषाणूची जुळणी करणारी प्रथिनं कशी वाचावीत

रविवारी सकाळी ठाण्यात माझ्या घरी चार-पाच मुलं येतात. कुणी खारघरचं, कुणी कोपरखैरण्याचं, ट्रान्स हार्बरने येणारी. बीएस्सी-एमएस्सीची मुलं आहेत. तलावपाळीला चक्कर मारून, चहा घेऊन आम्ही लॅपटॉप उघडतो आणि विषाणूंच्या प्रथिनांच्या रचना बघत बसतो. रंगीत चित्र काढायला ही मुलं पटकन शिकतात. चित्रातलं प्रथिन पेशीच्या पटलाकडे तोंड करून आहे की पाठ, हे विचारलं की मात्र शांतता पसरते. हा लेख त्या शांततेसाठी लिहिते आहे.

पटल म्हणजे मेम्ब्रेन, लिपिडांचा दुहेरी थर. इबोला, एचआयव्ही, करोना, डेंग्यू या सगळ्या विषाणूंना बाहेरून असं पटल असतं आणि ते त्यांनी आपल्याच पेशीकडून उचललेलं असतं. ते उचलायचं, वाकवायचं, आतला माल त्यात भरायचा, हे काम काही ठरावीक प्रथिनं करतात. उकडीचा मोदक करताना आपण पारी हातावर घेतो, कडेने कळ्या पाडतो आणि कळ्या वर गोळा करून तोंड मिटवतो. इथे पारी पेशीची, सारण विषाणूचं, आणि कळ्या पाडणारी बोटं म्हणजे ही प्रथिनं. फरक एवढाच की बोटं पारीच्या आतल्या बाजूला असतात. शेवटी तोंड मिटवायला एचआयव्ही आणि इबोला पेशीचीच एक यंत्रणा कामाला लावतात, तिला एस्कॉर्ट म्हणतात.

आता कामाला लागू. साधन म्हणून कायमेराएक्स हे सॉफ्टवेअर घ्या. शिक्षण-संशोधनासाठी ते फुकट आहे. लॅपटॉप नसेल तर प्रोटीन डेटा बँकेच्या, म्हणजे प्रथिनांच्या रचनांच्या फाईली जिथे साठवतात त्या कोशाच्या, संकेतस्थळावर मोलस्टार हे रचना बघायचं साधन ब्राउझरमध्येच चालतं, मोबाइलवरसुद्धा. फाईलींचे कोड आणि आज्ञा मी इथे देवनागरीत देते आहे; टाइप करताना रोमन अक्षरं वापरा.

आधी नातं ओळखा, मग फाईल उघडा

पहिली पायरी कागदावरची आहे. प्रथिन पटलाशी कसं जोडलेलं असतं ते आधी लिहून काढा. ढोबळमानाने तीन तऱ्हा आहेत. काही प्रथिनं पटलात आरपार रुतलेली असतात, जसं करोनाच्या सार्स-कोव्ह-२ विषाणूचं एम प्रथिन. काही पेशीद्रवातून येऊन पटलाच्या आतल्या अंगाला चिकटतात, जसं इबोलाचं व्हीपी४०. आणि काही चिकटतातच, पण शिवाय एक चरबीची दोरी पटलात खुपसून ठेवतात, जसं एचआयव्हीचं मॅट्रिक्स प्रथिन, ज्याला एमए म्हणतात.

कुठलं पटल, हेही लिहा. एचआयव्ही आणि इबोला पेशीच्या बाहेरच्या पटलावर जुळतात. करोनाची जुळणी पेशीच्या आत, ईआर आणि गॉल्जी या पेशीतल्या दोन पटलबंद पोकळ्यांच्या मधल्या कप्प्यात होते. डेंग्यूची ईआरमध्ये. हे कळलं की कोणत्या बाजूला पेशीद्रव आणि कोणत्या बाजूला पोकळी याचा गोंधळ होत नाही. परीक्षेत आणि पोस्टरवर सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. एमएस्सीला असताना माझी स्वतःची झाली होती : एमएच्या ट्रायमरची, म्हणजे तीन साखळ्यांच्या जुडीची, सगळ्यात सपाट दिसणारी बाजू मी पटलाला लावली, ती उलटी निघाली, आणि पोस्टर छापून झालेलं होतं. सपाट दिसणं हा पुरावा नव्हे, हे तेव्हापासून पक्कं लक्षात आहे.

माहितीसाठी युनिप्रॉट हा प्रथिनांच्या माहितीचा कोश उघडा. तिथे प्रथिनाची लांबी, आरपार जाणारे भाग, चिकटलेली चरबी आणि ओळखीचे मोटिफ, म्हणजे ठरावीक काम करणारे छोटे तुकडे, एका पानावर मिळतात. व्हीपी४०मध्ये ३२६ अमायनो आम्लं आहेत, करोनाच्या एममध्ये २२२, करोनाच्याच ई प्रथिनात फक्त ७५. हे आकडे वहीत टिपून ठेवा, पुढे उपयोगी पडतात.

क्रमांकांची एक गोम इथेच सांगते. एचआयव्हीच्या एमएमध्ये सुरुवातीचं मेथिओनिन कापलं जातं आणि त्यामागच्या ग्लायसीनला मायरिस्टिक आम्ल, म्हणजे १४ कार्बनांची चरबीची साखळी, जोडली जाते. काही शोधनिबंध त्या ग्लायसीनला १ म्हणतात, काही २. त्यामुळे एकच लायसिन (हे एक अमायनो आम्ल) एका निबंधात २९ आणि दुसऱ्यात ३० असतं. दोन निबंध शेजारी ठेवून वाचताना आधी हे जुळवून घ्या.

नोंद वाचणं

प्रोटीन डेटा बँकेत गेल्या गेल्या थ्री-डी व्ह्यूवर बोट जातं. थांबा. आधी चार गोष्टी बघा : रचना कोणत्या पद्धतीने काढली, रिझोल्यूशन किती, प्रथिनाचा कोणता तुकडा वापरला, आणि सोबत कोणतं लिपिड किंवा डिटर्जंट (पटलातून प्रथिन सोडवणारा साबणासारखा रेणू) होतं.

रिझोल्यूशन अँगस्ट्रॉममध्ये असतं आणि आकडा जितका लहान तितकं चित्र स्पष्ट. व्हीपी४०ची २००० सालची स्फटिकरचना, कोड १ईएस६, २ अँगस्ट्रॉमची आहे. एचआयव्ही एमएच्या ट्रायमरची १९९६ची १एचआयडब्ल्यू ही २.३ची. करोनाच्या एमची २०२२ची क्रायो-ईएम (गोठवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने काढलेली) रचना ८सीटीके साधारण ३.५ची. ३.५ला मुख्य कणा नीट दिसतो, पण लायसिन-आर्जिनिनसारख्या लांब शेपट्या कुठे वळल्या आहेत याबद्दल फार ठाम बोलू नये.

तुकडा कोणता वापरला, याकडे मुलं सर्रास दुर्लक्ष करतात. स्फटिक सहज बनावा म्हणून संशोधक प्रथिनाची लवचीक टोकं कापून टाकतात. जिवाणूत प्रथिन बनवलं तर चरबीची दोरी सहसा जोडलीच जात नाही, कारण ती जोडणारं एन्झाइम जिवाणूकडे नसतं. १एचआयडब्ल्यूमधलं एमए असंच मायरिस्टिक आम्लाविना आहे. ज्या दोरीने एमए पटलाला बांधलं जातं तीच फाईलमध्ये नाही. फाईल चुकीची आहे असं मी म्हणत नाही, पण ही नोंद वाचली नाही तर तुमचं वाचन चुकेल.

साखळ्या मोजा

आता कायमेराएक्समध्ये ओपन ही आज्ञा देऊन १एचआयडब्ल्यू उघडा. पडद्यावर तीनऐवजी सहा साखळ्या दिसतील. एमए म्हणजे ट्रायमर, मग सहा कशा? स्फटिकाच्या एका मूळ घटकात दोन ट्रायमर बसले आहेत, म्हणून. फाईलमध्ये जे येतं ते स्फटिकाचं एकक असतं. पेशीतलं एकक वेगळं असू शकतं. दुसऱ्या फाईलींत उलट होतं, एकच साखळी येते आणि खरा डायमर, म्हणजे दोन साखळ्यांची जोडी, मिळवायला सममिती लावावी लागते. त्यासाठी बायोलॉजिकल असेम्ब्ली उघडा, किंवा सिम ही आज्ञा वापरा. आणि नोंदीत दिलेली असेम्ब्ली लेखकांनी सांगितली आहे की सॉफ्टवेअरने गणित करून काढली आहे, तेही तिथेच लिहिलेलं असतं.

एक ट्रायमर ठेवा, दुसरा लपवा. अणू झाका, कार्टून म्हणजे फितीसारखं चित्र ठेवा, साखळ्यांना वेगवेगळे रंग द्या.

पटलाकडचं तोंड शोधणं

मला सगळ्यात जास्त वेळ इथे घालवायला आवडतं. पेशीच्या बाहेरच्या पटलाच्या आतल्या अंगाला फॉस्फॅटिडिलसेरीन आणि पीआयपी२ अशी ऋण भाराची लिपिडं असतात. म्हणून त्याला चिकटणाऱ्या प्रथिनाच्या एका बाजूला धन भाराचा, म्हणजे लायसिन-आर्जिनिनचा, ठिगळ असतो. कुलॉम्बिक ही आज्ञा द्या. पृष्ठभाग रंगेल : निळा म्हणजे धन, लाल म्हणजे ऋण. एमएचा ट्रायमर हळूहळू फिरवा. एका बाजूने सरमिसळ दिसेल, आणि दुसरी बाजू समोर आली की तीनही साखळ्यांचा निळा रंग एकत्र होऊन सलग पसरलेला दिसेल. पटल त्या बाजूला. साधारण १७ ते ३१ क्रमांकांच्या पट्ट्यात ही धन अमायनो आम्लं एकवटली आहेत.

मग एमएलपी आज्ञा देऊन तेलकट-पाणकट नकाशा बघा. व्हीपी४०मध्ये याचा चांगला उपयोग होतो. त्याच्या सी-टोकाच्या, म्हणजे साखळीच्या शेवटाकडच्या, डोमेनवर (स्वतंत्र घडी पडलेल्या भागावर) २२१, २२४, २२५, २७०, २७४, २७५ ही लायसिनं जवळजवळ आहेत. त्यांच्या आसपास २१३चं ल्युसिन, २९३चं आयसोल्युसिन, २९५चं ल्युसिन आणि २९८चं व्हॅलिन ही तेलकट मंडळी आहेत, जी पटलाच्या आत शिरतात असं प्रयोगांत दिसलं आहे. आधी धन भाराने ओढ आणि मग तेलकट टोकाने रुतणं, अशी दोन कामं एकाच बाजूला शेजारी-शेजारी आहेत.

मागच्या पावसाळ्यात ऐरोलीचा एक मुलगा एका कमी रिझोल्यूशनच्या फाईलवर कुलॉम्बिक चालवून बसला होता. "मॅडम, इथे तर निळं फिकं आहे. म्हणजे हे प्रथिन पटलाला चिकटत नाही का?"

मी म्हटलं, "अरे, लायसिनवर क्लिक कर आणि त्याचे अणू दाखव."

त्याने दाखवले. लायसिनच्या जागी नुसता खुंट होता. शेपटी नीट न दिसल्यामुळे रचना काढणाऱ्यांनी तिचे अणू फाईलमध्ये ठेवलेच नव्हते. आणि शेपटीच नाही तर तिच्या टोकावरचा धन भार कुठून येणार? डॉकप्रेप ही आज्ञा देऊन अपुऱ्या शेपट्या भरून घेतल्या, कुलॉम्बिक पुन्हा चालवलं, तसा ठिगळ गडद झाला. तो मुलगा आता कुठलीही फाईल उघडली की आधी लायसिनचे अणू मोजतो. भरलेल्या शेपट्यांची दिशा अंदाजाने आलेली असते, हे मात्र वहीत लिहून ठेवायचं.

काय दिसत नाही, त्याची यादी

युनिप्रॉटवरची लांबी तुम्ही टिपली होती. आता सिक्वेन्स पॅनेल उघडा आणि कोणते क्रमांक फाईलमध्ये नाहीत ते बघा. व्हीपी४०च्या स्फटिकरचनांमध्ये सुरुवातीची शेपटी दिसत नाही. आणि त्याच शेपटीत, ७ ते १३ क्रमांकांवर, पीटीएपीपीईवाय (प्रत्येक रोमन अक्षर म्हणजे एक अमायनो आम्ल) अशी सात अमायनो आम्लं आहेत. पीटीएपी आणि पीपीईवाय असे दोन मोटिफ त्यात एकमेकांवर चढलेले आहेत. पहिला एस्कॉर्ट यंत्रणेतल्या टीएसजी१०१ला पकडतो, दुसरा नेड४ या एन्झाइमला. म्हणजे मोदकाचं तोंड मिटवायला मदतनीस बोलावणारा भाग चित्रात नाहीच.

एमएमध्ये दोरी नाही, व्हीपी४०मध्ये शेपटी नाही. दुसरी प्रथिनं बघत जाल तसं हेच पुन्हा पुन्हा भेटेल. पटलाशी किंवा पेशीच्या यंत्रणेशी थेट लागणारे भाग बहुधा लवचीक असतात आणि लवचीक भाग स्फटिकात धूसर होतात. म्हणून ही यादी मी प्रत्येकाकडून हाताने लिहून घेते, आणि चित्राखाली ती छापायचीच असा आमचा नियम आहे.

एकाच प्रथिनाची अनेक रूपं

व्हीपी४० मला फार आवडतं आणि त्याचं कारण इथे आहे. २००० साली त्याची रचना एकट्या साखळीची म्हणून वाचली गेली. २०१३ साली झॅकरी बॉर्नहोल्ट, एरिका ओलमन सफायर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हे प्रथिन डायमर म्हणून वावरतं आणि गरजेप्रमाणे रूप बदलतं. ४एलडीबीमध्ये डायमर आहे. ४एलडीडीमध्ये सहांची रांग आहे, तिच्यात काही सी-टोकाची डोमेनं जागची हलून धूसर झाली आहेत. तिसरं रूप म्हणजे आठ साखळ्यांचं कडं. ते आरएनए पकडतं, कळी पाडण्यात भाग घेत नाही, आणि संसर्ग झालेल्या पेशीत विषाणूच्या जनुकांच्या वाचनावर ताबा ठेवतं. अमायनो आम्लांचा क्रम तिन्हींत तोच.

हे पडद्यावर असं बघा. १ईएस६ आणि ४एलडीबी दोन्ही उघडा आणि मॅचमेकरने एकावर एक बसवा. त्यानंतर ४एलडीडी बसवताना आख्खी साखळी न घेता फक्त एन-टोकाचं, म्हणजे सुरुवातीचं, डोमेन निवडा, अंदाजे १९० क्रमांकापर्यंतचं. सगळं एकदम बसवायला गेलात तर सॉफ्टवेअर दोन्ही डोमेनांची तडजोड करतं आणि काय हललं ते झाकलं जातं. एक डोमेन खिळवून ठेवलं की दुसऱ्याची हालचाल उघडी पडते.

मग डायमरच्या सांध्याकडे या. दोन्ही साखळ्यांमधलं ११७ क्रमांकाचं ल्युसिन निवडून अणू दाखवा. दोन ल्युसिनं एकमेकांच्या जवळ, तेलकट कोपऱ्यात दडलेली दिसतील. तिथे आर्जिनिन बसवलं, म्हणजे तेलकट जागी भारित लांब शेपटी घुसवली, तर डायमर मोडतो आणि कळ्या पडणं थांबतं. दुसरीकडे २४१चं मेथिओनिन सी-टोकाच्या डोमेनवर आहे, जिथे एक डायमर शेजारच्या डायमरला भेटतो. ते बदललं तर डायमर बनतो, पटलापर्यंत जातोही, पण पुढची जुळणी होत नाही. या दोन बदलांमुळे जुळणीचे टप्पे सुटे-सुटे करून बघता आले : आधी जोडी, मग पटल, मग रांग.

पुढची गोष्ट २०२०ची आहे. विषाणूच्या कणांचीच क्रायो-इलेक्ट्रॉन टोमोग्राफी केली, म्हणजे कण गोठवून वेगवेगळ्या कोनांतून प्रतिमा घेऊन त्रिमिती चित्र उभं केलं, तेव्हा इबोला आणि त्याचा भाऊबंद मारबर्ग विषाणू, दोन्हींत पटलाखाली व्हीपी४०चे डायमरच सापडले, सी-टोकाच्या डोमेनांनी एकमेकांना धरून रांगेत उभे. स्फटिकातली ती सहांची रांग जशीच्या तशी कणात नव्हती. म्हणून कुठल्याही पटल-प्रथिनाबद्दल लिहिताना विचारा : ही मांडणी स्फटिकात दिसली, की पटलावर? दोन्ही पुरावे असतील तर दोन्ही सांगा, आणि ते जुळत नसतील तर तेही सांगा. एमएच्या बाबतीतही २०२१ साली टोमोग्राफीतूनच कळलं की कच्च्या आणि पक्क्या विषाणूत ट्रायमरांची जाळी वेगवेगळी असते.

आरपार प्रथिनांसाठी वेगळी वाट

करोनाच्या एमला निळा ठिगळ शोधत बसू नका. ते पटलातच असतं. ८सीटीके उघडा : दोन साखळ्या, प्रत्येकीचे तीन हेलिक्स (सर्पिल) पटलातून आरपार, आणि खाली बीटा-पत्र्यांचं डोमेन, जे तयार विषाणूत आतल्या बाजूला राहतं. ही रचना नॅनोडिस्कमध्ये, म्हणजे पट्टा बांधलेल्या लिपिडांच्या छोट्या चकतीत, काढलेली आहे. डिटर्जंटमधल्या रचनेपेक्षा मी तिच्यावर जास्त भरवसा ठेवते.

पटल नेमकं कुठून कुठपर्यंत आहे ते फाईल सांगत नाही. त्यासाठी ओपीएम या कोशात कोड शोधा, नसेल तर पीपीएम सर्व्हरला फाईल द्या. पटलाच्या दोन्ही सीमांवर खुणेचे बनावट अणू घातलेली फाईल परत मिळते. ती उघडली की हेलिक्सचा तेलकट पट्टा दोन सीमांच्या मध्ये बसला आहे का ते एमएलपीने तपासा. ट्रिप्टोफॅन आणि टायरोसिन बहुधा सीमेच्या आसपास घुटमळतात. ती खूण सापडली की जागा बरोबर असण्याची शक्यता वाढते. ई प्रथिनासाठी ७के३जी बघा, पाच हेलिक्सांची जुडी आहे, पण ती फक्त आरपार भागाची, पूर्ण प्रथिनाची नव्हे.

अल्फाफोल्डबद्दल दरवेळी विचारणा होते, म्हणून दोन शब्द. रंगांकडे आधी बघा : गडद निळा म्हणजे ९०च्या वर खात्री, नारिंगी म्हणजे ५०च्या खाली. नारिंगी नागमोडी धाग्याला रचना समजू नका. शिवाय हे अंदाज साधारणपणे एकच रूप देतात आणि पटलाशिवाय देतात. व्हीपी४०चा क्रम एकच आणि रूपं तीन, हे आठवा.

सरावासाठी एक प्रथिन

हे सगळं एकदा करून झालं की मी मुलांना व्हॅक्सिनिया विषाणूचं डी१३ देते. व्हॅक्सिनिया म्हणजे देवीच्या लशीतला विषाणू. त्याची जुळणी वेगळ्याच रीतीने होते : पेशीत आधी चंद्रकोरीसारखं उघडं पटल दिसतं, आणि डी१३चे ट्रायमर मधाच्या पोळ्यासारखी जाळी करून त्याला बाहेरून गोलाई देतात. विषाणू पुढे पक्का होताना ही जाळी गळून पडते, इमारत झाल्यावर परांची काढावी तशी. चंद्रकोरीच्या पटलातल्या ए१७ या प्रथिनाचं एन-टोक डी१३ला धरून ठेवतं.

क्षयाच्या उपचारातलं रिफाम्पिसिन आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. तेच औषध प्रयोगशाळेत व्हॅक्सिनियाची जुळणी थांबवतं, हे १९६९पासून माहीत होतं. देवी-गटातल्या आजारांवर ते औषध म्हणून वापरत नाहीत, पण ते कसं थांबवतं याचं उत्तर २०१८ साली रचनेतून मिळालं. प्रोटीन डेटा बँकेत डी१३ आणि रिफाम्पिसिन असं शोधा, फाईल उघडा, ट्रायमरच्या मधल्या अक्षावर कॅमेरा आणा आणि सगळी फिनाइलअ‍ॅलानिनं एका रंगात रंगवा. पटलाकडच्या तोंडाशी तिन्ही साखळ्यांतल्या फिनाइलअ‍ॅलानिनांचं एक कडं दिसेल आणि त्या कड्यात रिफाम्पिसिनचा रेणू अडकलेला असेल. ए१७च्या टोकाला हीच जागा हवी असते. मग वहीत तीन ओळी लिहा : पटल कोणत्या बाजूला, फाईलमध्ये काय नाही, आणि हे स्फटिकातलं आहे की पटलावरचं. वही पुढच्या रविवारी आणा.